नगरपालिकेतले जोतीराव

महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत मुंबईत निघते आणि त्याच संध्याकाळी आपल्याकडच्या चौकाचौकांत फलक झळकू लागतात. पद अनुसूचित जातीला सुटले की ओबीसीला, महिलेला सुटले की खुल्याला, कोण कोणाच्या गटाचा, कोणाला कोणत्या नेत्याचा आशीर्वाद, यावर चहाच्या टपरीपासून समाजमंदिरापर्यंत चर्चा रंगते. निवड झाली की हार-तुरे, पेढे, फटाके, मिरवणूक. आपला माणूस असेल तर निळा गुलालही उधळला जातो, आणि तो उधळावा, त्यात गैर काही नाही. शेकडो वर्षे ज्या समाजाला गावकुसाच्या आत पाऊल टाकता आले नाही त्या समाजाचा माणूस शहराचा प्रथम नागरिक होतो ही साधी गोष्ट नाही. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे अध्यक्ष आणि पुढे रिपब्लिकन पक्षाचे पहिले अध्यक्ष झालेले एन. शिवराज हे १९४५ साली मद्रासचे महापौर होते. १९५९ साली मुंबईच्या महापौरपदावर रिपब्लिकन पक्षाचे पी. टी. बोराळे बसले. हा इतिहास आपलाच आहे.

पण त्या खुर्चीत बसल्यावर करायचे काय, हा प्रश्न मिरवणुकीत कोणी विचारत नाही. महापालिकेच्या कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्ताच्या हाती दिली आहेत आणि तिजोरीची किल्ली स्थायी समितीकडे. महापौर सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष असतो. सभा बोलावणे, चालवणे, कोणाला बोलू द्यायचे ते ठरवणे, मते समसमान पडली तर निर्णायक मत देणे, आयुक्ताकडे विचारणा करणे, एवढाच त्याचा अधिकार. म्हणून पुष्कळ जण म्हणतात की हे शोभेचे पद आहे. अडीच वर्षे फिती कापायच्या, पाहुण्यांना शाली द्यायच्या आणि उतरायचे. हा समज प्रस्थापितांना फार सोयीचा आहे, कारण पद शोभेचे आहे असे एकदा मानले की त्यावर बसलेल्या बहुजनाने तोंड उघडले नाही तरी कोणाला खटकत नाही.

अधिकार किती आहेत यावर जबाबदारी मोजायची नसते हे ज्याच्या आयुष्यातून शिकावे असा माणूस आपल्याच परंपरेत आहे. तो कधी महापौर झाला नाही. त्याच्या काळी पुण्यात महापालिका नव्हती, नगरपालिका होती आणि तिथेही तो अध्यक्ष नव्हता, साधा सभासद होता. महात्मा जोतीराव फुले यांची शाळा आपल्याला पाठ आहे, सत्यशोधक समाज पाठ आहे, गुलामगिरी पाठ आहे. पण १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते हे आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. नगरसेवक आणि महापौर होऊ पाहणाऱ्या कार्यकर्त्याने त्यांच्या चरित्राचा हाच भाग आधी वाचायला हवा.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. मूळ गाव साताऱ्याकडचे कटगुण. घराणे माळ्याचे, पेशव्यांना फुले पुरवता पुरवता गोऱ्हे हे आडनाव मागे पडून फुले झालेले. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले, लोकांच्या सांगण्यावरून काढले, पुन्हा घातले. १८४१ ते १८४७ स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण झाले. ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीतला १८४८ चा अपमान आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. पुढे अस्पृश्यांसाठी शाळा, १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह. हा सारा भाग वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. या माणसाचे पोट समाजकार्यावर चालत नव्हते. जोतीराव धंदा करीत. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे ते भागीदार होते. सरकारी बांधकामांची कंत्राटे त्यांनी घेतली, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला माल पुरवला, धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य विकले, मांजरीला शेती केली. इंजिनिअर बिल कसे अडवतो, मजुराची हजेरी कशी खाल्ली जाते, दगडाचे मोजमाप कसे फुगते, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, कामावर उभे राहून पाहिले होते. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या लाचखोरीवर त्यांनी लिहिले ते या अनुभवावर. आजचे नगरसेवकही ठेकेदारीत असतात. स्वतःच्या नावावर नसेल तर भावाच्या, मेहुण्याच्या. त्यामुळे जोतीराव ठेकेदार होते हे सांगताना आपले वक्ते अडखळतात. अडखळायचे कारण नाही. नगरपालिकेतील त्यांच्या सहा वर्षांची जी नोंद चरित्रकारांनी मागे ठेवली आहे ती बिले काढून घेतल्याची नाही, नगरपालिकेचा पैसा उधळायला विरोध केल्याची आहे.

पाण्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याच्या एकोणसाठ वर्षे आधी. त्या काळी पुण्यात पाणी ही जातीची वस्तू होती. कात्रजहून आलेला पेशवाई नळ, त्यावरचे हौद, आणि त्या हौदांवर कोणी घागर बुडवायची याचे ठरलेले नियम. १८७३ साली त्यांनी गुलामगिरी लिहिली तेव्हा तिच्यातील एका परिच्छेदात शाळाखात्याबरोबर म्युनिसिपालिटीलाही धारेवर धरले. सभासदांत ज्यांचा भरणा त्यांच्याच वस्तीकडे सोयी कशा वळतात आणि शूद्रांच्या वस्त्या कशा कोरड्या राहतात, हे त्यांनी उघड मांडले. आणि तीनच वर्षांनी सरकारने त्याच म्युनिसिपालिटीवर त्यांची नेमणूक केली.

इथे बहुतेक माणसे बदलतात. बाहेर असताना ज्या कारभारावर कोरडे ओढले त्या कारभाराच्या आत खुर्ची मिळाली की आवाज उतरतो, भाषा समन्वयाची होते. जोतीरावांना तर मते मागून निवडून यायचे नव्हते. त्या काळी सभासद सरकार नेमत असे. म्हणजे ज्या सरकारच्या मर्जीने जागा मिळाली त्या सरकारला न आवडणारे मत दिले तर जागा जाण्याची भीती, आणि मतदार पाठीशी असल्याचा आधारही नाही. पक्ष नाही, गट नाही, व्हीप नाही. फक्त एक माणूस आणि त्याचे मत.

ती वर्षे कोणती होती हेही लक्षात घ्या. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. माणसे झाडपाला खाऊन मरत होती, गुरे आधीच गेली होती, गावेच्या गावे उठून शहरांकडे चालली होती. त्याच काळात, १ जानेवारी १८७७ ला, दिल्लीत राणी व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरवून पैशाचा धूर काढण्यात आला. पुण्यात जोतीराव, सावित्रीबाई आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी छावणी चालवत होते. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर आवाहन काढले. सकाळी छावणीतल्या पोरांच्या भाकरीचा हिशेब आणि दुपारी नगरपालिकेत झुंबरे-कमानींचा हिशेब, अशी ही वर्षे होती.

व्हाइसरॉय पुण्याला येणार होते तेव्हाची हकीगत प्रसिद्ध आहे, पण ती सांगताना तिचा अर्थ हरवतो. त्यांच्या स्वागतासाठी शहर सजवायचे म्हणून नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्च करण्याची सूचना आली. त्या काळी हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम. सभासद बत्तीस. त्यांत सरकारी अधिकारी होते, शहरातले धनिक होते, शिकलेसवरलेले विद्वानही होते. स्वदेशाभिमानाची भाषणे करणारेही पुण्यात तेव्हा कमी नव्हते. जोतीरावांनी उठून सांगितले की हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा. मत घेतले गेले. विरोधात एकच मत पडले, जोतीरावांचे.

ते हरले. ठराव मंजूर झाला, कमानी लागल्या, व्हाइसरॉय आले आणि गेले. मग त्या एका मताने काय साधले, असे आजचा व्यवहारी कार्यकर्ता विचारील. सभागृहात ठराव एकमताने मंजूर होणे आणि एकाच्या विरोधासह मंजूर होणे यात फार मोठा फरक आहे. एकमताचा ठराव म्हणजे साऱ्या शहराची संमती. त्यात धनकवडीच्या छावणीतली पोरे आली, मंगळवार पेठेतला महार आला, रस्त्यावर खडी फोडणारी बाई आली. जोतीरावांनी त्या सर्वांची संमती काढून घेतली. पुण्याच्या गरिबांनी व्हाइसरॉयच्या कमानींना होकार दिलेला नाही, हे इतिहासाला त्या एका मतामुळे कळते.

दारूच्या दुकानांबाबतही असेच. १८८० साली शहरात दारूचे गुत्ते वाढू लागले तेव्हा त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापन समितीला पत्र लिहून हा प्रश्न अंगावर घ्यायला लावले. नगरपालिका एका बाजूला आरोग्यावर पैसा खर्च करते आणि दुसऱ्या बाजूला लोकांचे आरोग्य व संसार धुळीला मिळवणारी दुकाने वाढताना पाहत बसते, ही विसंगती त्यांनी दाखवली. अबकारीचे उत्पन्न सरकारचे, परवाना सरकारचा. नगरपालिकेला त्यात हात घालायचा अधिकार जवळजवळ नव्हताच. आपल्या अखत्यारीत येत नाही हे उत्तर तेव्हाही तयार होते. जोतीरावांनी ते उत्तर ऐकून फाइल बंद केली नाही.

आणि मग मंडई. शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानात भाजीबाजार भरे. नगरपालिकेने लाखांच्या घरातला खर्च करून भव्य दगडी मार्केट बांधायचे ठरवले. जोतीरावांनी त्याला विरोध केला, आणि त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांनीही केला. बहुजनांच्या मुलांना शाळा नाहीत तिथे एवढा पैसा दगडमातीत घालू नये, असे त्यांचे म्हणणे. इथे मी वाचकांशी मोकळेपणाने बोलतो. मंडई वाईट होती असे मला वाटत नाही. भाजी विकणाऱ्या माळणीला डोक्यावर छप्पर मिळाले, पावसापासून माल वाचला, आणि ती इमारत आजही उभी आहे. जोतीराव स्वतः शेतीमालाच्या व्यापारातले, त्यांना बाजाराचे महत्त्व कळत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांचा वाद क्रमाचा होता. आधी काय आणि नंतर काय. अंदाजपत्रक म्हणजे दुसरे काय असते? शहराकडे सर्व गोष्टींना पुरेल एवढा पैसा कधीच नसतो. कोणाला थांबायला सांगायचे हे त्या कागदावर ठरते, आणि थांबायला सांगितले जाते ते नेहमी एकाच बाजूच्या लोकांना. हा प्रश्न विचारणारा सभासद सभागृहात असायलाच हवा, मग एखाद्या इमारतीपुरते त्याचे म्हणणे इतिहासाने मान्य करो वा न करो.

१८८६ साली ते मार्केट पुरे झाले आणि गव्हर्नर लॉर्ड रे याचे नाव त्याला दिले गेले. तोपर्यंत जोतीराव नगरपालिकेतून बाहेर पडलेले होते. १८८२ साली त्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. नगरपालिकेत हजार रुपयांसाठी जे बोलले तेच इथे साऱ्या इलाख्यासाठी बोलले. शेतकऱ्याचा असूड याच काळातला. त्याच १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, निवडणुका येऊ लागल्या. मत मात्र मालमत्ता, कर आणि शिक्षण असणाऱ्यालाच. म्हणजे ज्यांच्यासाठी जोतीराव बोलत होते ते मतदारच नव्हते. त्यांना मत मिळायला बाबासाहेबांची राज्यघटना यावी लागली.

आता आमच्या भागाकडे वळतो. चितेगाव हे पैठण रस्त्यावरचे गाव. जायकवाडीचे पाणी संभाजीनगरला जाते ते याच रस्त्याने. जुनी जलवाहिनी १९७५ च्या सुमाराची, दुसरी १९९२ ची, आणि आता नव्या योजनेचे प्रचंड नळ. फारोळ्याचे जलशुद्धीकरण केंद्र आमच्या शेजारीच. नाथसागराचे पाणी आमच्या दारावरून शहरात जाते, आणि शहरातल्या वस्त्यांत ते आठवड्यातून एखाद्या वेळी पोहोचते अशी कित्येक वर्षे गेली. चितेगाव महापालिकेच्या हद्दीबाहेर, त्यामुळे इथल्या कामगाराला महापौर निवडण्यात काही भाग नाही. पण इथून कारखान्यात पाळीला जाणारे, शहरात सफाईला आणि बांधकामाला जाणारे, त्यांचे नातलग शहरातल्याच झोपडपट्ट्यांत राहणारे. महापौर काय करतो आणि काय करत नाही, याची झळ आम्हालाही लागते.

या शहराची महापालिका १९८२ साली स्थापन झाली आणि पहिली निवडणूक १९८८ साली. एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराला महापौरच नव्हता, प्रशासक कारभार पाहत होता. पाण्याची मोठी योजना, तिचा १६८० कोटींवरून २७४० कोटींपर्यंत गेलेला खर्च, रस्ते, कचरा, अतिक्रमणे, सारे निर्णय सभागृहाशिवाय झाले. त्या काळात एका गोष्टीची जाणीव पुष्कळांना झाली असेल. सभागृहात गोंधळ होतो, नगरसेवक राजदंड पळवतात, माठ फोडतात, हे सगळे खरे. पण खर्च वाढला तर का वाढला असे तोंडावर विचारायची आणि ते इतिवृत्तात उतरवायची जागा तीच एक होती. शोभेचे म्हटलेले पद रिकामे पडले तेव्हा त्याची गरज कळली.

मग महापौराने काय करावे? जोतीरावांच्या हाती जे होते त्याहून त्याच्या हाती कितीतरी अधिक आहे. तो सभेचा अध्यक्ष आहे. झोपडपट्टीतल्या नगरसेविकेचा पाण्याचा प्रश्न विषयपत्रिकेच्या तळाशी ढकलला जाणार की आधी घेतला जाणार, हे त्याच्या हाती आहे. एका मिनिटात पन्नास विषय वाचून मंजूर म्हणायचे की प्रत्येकावर चर्चा घडवायची, हे त्याच्या हाती आहे. एखाद्याने विरोध नोंदवला तर तो नीट लिहिला जातो की नाही, हे पाहणे तर त्याचे कर्तव्यच. मागासवर्गीय आणि दुर्बल घटकांसाठी अंदाजपत्रकात पाच टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. ती ठेवली जाते का, ठेवली तर खर्च होते का, आणि खर्च झाली तर दलित वस्तीत झाली की दुसऱ्याच कुठल्या रस्त्यावर वळवली गेली, याचा लेखी हिशेब आयुक्ताकडून मागण्यापासून महापौराला कोण अडवते? सफाई कामगारांना हातमोजे आणि बूट मिळतात की नाही, ठेकेदार त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरतो की नाही, हे विचारायला कोणता जादा अधिकार लागतो? गटारात उतरून माणसे मरतात आणि २०१३ च्या कायद्याने बंदी असलेले काम सर्रास चालते, तिथे पहिला जाब विचारणारा शहराचा प्रथम नागरिक का नसावा?

ठराव मंजूर झाला म्हणजे काम संपले असेही नाही. महाडचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९२३ साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा भला माणूस त्या नगरपालिकेच्या कारभारात होता. तरीही तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे घागर भरता आली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले तेव्हा ठरावाला जीव आला, आणि सनातन्यांच्या दबावाखाली त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये तो ठराव रद्दही करून टाकला. तळ्यावरचा हक्क मुंबई हायकोर्टात कायम व्हायला मार्च १९३७ उजाडले. नगरपालिका काय देऊ शकते आणि काय काढून घेऊ शकते, दोन्ही या एका प्रकरणात दिसते.

जोतीरावांकडे परत येऊ. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात श्रमिक जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवी बाजू गेली. डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. ते छापून आले १८९१ साली, ते गेल्यानंतर. धंदा संपला होता, पैसा संपला होता. ज्याने कंत्राटात कमावले त्याने ते शाळांत, वसतिगृहात, छावणीत घालवले होते. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. आपला देह जाळू नये, घराजवळ मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी जागाही ठरवलेली होती. राहत्या वस्तीत दफन करायला नगरपालिकेची परवानगी लागे. सहा वर्षे ज्या नगरपालिकेत ते बसले तिने ती परवानगी दिली नाही. दहन करावे लागले.

पुढे १९२५ साली केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याची सूचना मांडली. तीही फेटाळली गेली आणि पुण्यात वादाचे रान पेटले. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचे देशाचे दुश्मन हे पुस्तक आले, जेधे-जवळकरांवर खटला झाला, शिक्षा झाली, आणि अपिलात त्यांना सोडवले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी. १९४६ साली बाबासाहेबांनी शूद्र पूर्वी कोण होते हा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला.

आणि ते मार्केट? आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत निवडून गेल्यानंतर त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला तिच्यावर आता त्यांचे नाव आहे. रोज पहाटे तिथे मांजरीकडचा, सासवडकडचा माल उतरतो.